रावसाहेबांचा उजवा पाय

रावसाहेब मुसळे यांचे शनिवार लग्न झाल्यापासून त्यांची बायको रत्नमाला धरत आली होती. लहानपणी त्यांना मोठा ताप आला, तेव्हा आईनं मारुतीला नवस बोलून मुलाचे जन्माचे शनिवार कबूल करून टाकले. मुलगा मोठा होऊन इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसमध्ये रंगखात्यात लागला. दिवसभर वाफेत उभं राहायचं आणि वर उपास, हे काही त्याला झेपेना. मग त्याचे शनिवार आईनं धरले, आणि सून आल्यावर ते रीतसर सुनेकडं आले. शनिवारी रावसाहेब मटकीची उसळ नि भाकरी जेवायचे आणि रत्नमाला त्यांच्यासमोर बसून भाजलेले शेंगदाणे खायची. मारुतीकडून काही तक्रार आल्याचं दोघांच्याही ऐकिवात नव्हतं.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढं जे झालं ते लबाडीनं झालं नाही. ते सवयीनं झालं.

रावसाहेब रंगमास्तर म्हणून निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांच्या लघवीतून रक्त गेलं. दुखत नव्हतं, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. जन्मभर रंग ओळखण्याचा पगार घेतलेल्या माणसाला हा रंग ओळखता येऊ नये, याचा रत्नमालेला पुढं फार राग आला. शेवटी कोल्हापूरला इस्पितळात नेलं, तपासण्या झाल्या आणि मूत्राशयात गाठ निघाली. जुन्या रंगांमधली काही रसायनं रक्तातून लघवीत उतरतात आणि लघवी जिथं साठून राहते तिथं मुक्काम ठोकतात. विडीचा धूरही तेच करतो. रावसाहेबांनी दोन्हीत काही कमी ठेवलं नव्हतं.

डॉक्टर मृण्मयी वैरागडे मूळच्या नागपूरच्या. बोलायला मऊ आणि हाताला चलाख म्हणून त्यांचं नाव होतं. रत्नमाला ब्लाउज शिवते हे कळल्यावर त्यांनी कागद-पेन बाजूला सारलं.

"ताई, मूत्राशय म्हणजे अस्तर लावलेली पिशवी समजा. आत एक पातळ कापड, त्याच्या मागं स्नायूंचं जाड अस्तर. गाठ उगवते ती आतल्या कापडावर. आम्ही लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालतो आणि विजेच्या बारीक कडीनं गाठ खरवडून काढतो. मागं जाड अस्तर असलं की हात थोडा इकडंतिकडं झाला तरी निभावतं. पण मास्तरांच्या पिशवीला उजव्या अंगाला एक खिसा फुटलाय, आणि त्या खिशाला अस्तरच नाही. गाठ नेमकी त्या खिशात बसलीय."

"बिनअस्तराचा खिसा टिकत न्हाई," रत्नमाला म्हणाली.

"नाही टिकत. आणि त्या खिशाला लागूनच एक नस मांडीकडं जाते. कडीची वीज त्या नसेला पोचली की मांडी एकदम झटका मारते. कमरेखाली भूल दिलेली असली तरी मारते. कारण तो हुकूम मेंदूकडून आलेलाच नसतो, तो शेजारच्या भिंतीतून आलेला असतो. आत आमची कडी असताना मांडी उडाली तर खिसा फाटतो."

पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांनी त्या नसेपाशी बधिर करणारं इंजेक्शन दिलं होतं. बहुतेकांना ते लागू पडतं, रावसाहेबांना पडलं नाही. पहिल्याच स्पर्शाला त्यांचा उजवा पाय उडाला. डॉक्टरांनी कडी तत्काळ मागं घेतली म्हणून निभावलं, पण गाठ निम्म्याहून जास्त आतच राहिली. पुरती भूल देऊन सगळं अंगच ढिलं करायचं, तर रंगखात्याच्या वाफेनं नि विडीनं फुप्फुसं इतकी चाळण झालेली, की भूलतज्ज्ञांनी कानाला हात लावले.

राहता राहिलं 'नीरव'.

हे यंत्र तेव्हा नवीन होतं. पश्चिम महाराष्ट्राला मिळून एकच होतं आणि ते गाडीत बसून जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरायचं. त्यामागचा विचार मात्र साधा. प्रत्येक माणसाच्या नसेचा एक स्वभाव असतो. किती मोठ्या झटक्याला ती दचकते, दचकल्यावर किती वेळ सुन्न राहते, पुन्हा कधी ऐकू लागते, हे ज्याचं त्याचं वेगळं. तो स्वभाव नीट कळला तर बाहेरून बरोबर मापाची उलटी लहर सोडून त्या नसेला डोळ्याचं पातं लवण्याइतका वेळ बहिरं करता येतं. तेवढ्या वेळात कडी चालते आणि थांबते. पुन्हा लहर, पुन्हा कडी. असं शेकडो वेळा. नस बहिरी असताना वीज येऊन जाते आणि मांडीला पत्ताही लागत नाही.

नसेचा हा स्वभाव शिकण्यासाठी रुग्णानं आठ दिवस मांडीला एक पट्टा बांधायचा. रोजची कामं करायची, चालायचं, बसायचं, उठायचं. पट्टा अधूनमधून नसेला हलकी टिचकी मारायचा आणि ती काय म्हणते ते टिपून घ्यायचा. तो रिकामा पडून राहिला तर इस्पितळाला लगेच कळायचं. आणि रोज संध्याकाळी इस्पितळाच्या यंत्राचा फोन यायचा, बाईच्या आवाजात, दिवसभर काय केलंत ते विचारायला. सांगितलेलं आणि पट्ट्यानं टिपलेलं एकमेकांशी ताडून बघायचं, हा त्यामागचा हेतू.

रावसाहेबांनी पट्टा बांधला तो सकाळी. दुपारी जेवायच्या आधीच त्यांनी तो सोडून खुंटीला अडकवला.

"अवो, रिकामा ऱ्हायला तर फोन येतोय त्यांचा," रत्नमाला म्हणाली.

"काचतंय ते. बांध की तूच. पट्ट्याला काय कळतंय?"

रत्नमालेच्या हातात कातरी होती. तिनं ती खाली ठेवली, पट्टा घेतला आणि लुगड्याच्या आत उजव्या मांडीला बांधून टाकला. शनिवार आपला, हाही आपला. टिचकी बसली तेव्हा तिला गुदगुल्या झाल्या. मग ती शिवणाच्या मशीनवर बसली आणि पायाखालचा पायटा मारू लागली. हल्ली सगळ्यांकडं विजेची मशिनं होती, पण तिला ती आवडत नसत. कापड पुढं पळतंय की आपण, हेच कळत नाही म्हणायची.

संध्याकाळी फोन वाजला. रावसाहेब चहा पीत होते, म्हणून फोन तिनंच घेतला.

"नमस्कार," फोनमधली बाई म्हणाली. "पट्टा तुम्हीच बांधला आहे ना?"

"व्हय, मीच बांधलोय."

"आज काय काय केलंत?"

"पाटंचं उठलो. पाण्याला गेलो. मग शिवत बसलो ते दुपारपातूर. आता जरा पाय पसरून बसलो हुतो, तवर तुझा फोन आला."

आता परगावच्या वाचकांना इथं एक सांगायला हवं. कोल्हापूर-इचलकरंजीकडच्या बायका 'मी गेले, मी बसले' असं म्हणत नाहीत. त्या 'मी गेलो, मी बसलो' म्हणतात. घरात पुरुष जसं बोलतो तसंच. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, आणि कोण बाई नि कोण बुवा हे समोर बघून सगळ्यांना कळतं. फोनमधल्या बाईला समोर बघण्याची सोय नव्हती. तिचं मराठी पुण्या-मुंबईच्या आवाजांवर पोसलेलं. त्यात रत्नमालेचा गळा जात्याच घोगरा.

"धन्यवाद, रावसाहेब," फोनमधली बाई म्हणाली. "आज दमलात का?"

रावसाहेबांना चहाचा ठसका लागला. "तुला रावसाहेब म्हणाली बघ ती," ते म्हणाले आणि हसू लागले. रत्नमालाही तोंडाला पदर लावून हसली. गाठीचं कळल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं, त्यामुळं ही गंमत दोघांनाही मोडवेना. दुसऱ्या दिवशीही पट्टा तिच्याच पायाला राहिला. तिसऱ्या दिवशी त्यावर बोलणंही झालं नाही.

आणि खरं सांगायचं तर रत्नमालेला त्या फोनची गोडी लागली. दिवसभर काय केलंस आणि दमलीस का, हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ती सविस्तर सांगायची. बाजाराला गेलो, हरभऱ्याची डाळ दळून आलो, तिसऱ्या गल्लीतल्या नव्या नवरीचे ब्लाउज घेऊन बसलो. फोनमधली बाई सगळं ऐकून घ्यायची आणि मध्ये तोंड घालायची नाही.

आठ दिवसांनी ती दोघं कोल्हापूरला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया होती. डॉक्टर वैरागडे यांनी पडदा त्यांच्याकडं वळवला. त्यांचा चेहरा खुलला होता.

"मास्तर, तुम्ही शिवणकाम करता, हे बोलला नाहीत कधी."

रावसाहेबांनी छताकडं बघितलं. "घरात मशीन हाय न्हवं," ते म्हणाले. हे काही खोटं नव्हतं.

"घरकामातही हात लावता म्हणे, दळण आणता. छान आहे. आणि ही रेघ बघा. दुपारभर पाय एका तालात चाललाय. इतका शांत, शिस्तीचा पाय मी पाहिलाच नव्हता. 'नीरव'ला उद्या काही कष्टच पडणार नाहीत."

रावसाहेबांनी मान तुकवून ती शाबासकी घेतली. रत्नमालेलाही क्षणभर आपल्या पायाचा अभिमान वाटला. आजवर तिच्या टाक्यांना लोक चांगलं म्हणाले होते, पायाला कुणी म्हणालं नव्हतं. आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या ध्यानात आलं, उद्या टेबलावर हा पाय नसणार.

"डॉक्टर," तिनं विचारलं, "ह्यो पाय दुसऱ्या कुणाचा असता तर?"

"म्हणजे?"

"न्हाई, उगंच इचारतो. म्हंजे यंत्र शिकलं एकाचा पाय आणि टेबलावर आला दुसऱ्याचा."

डॉक्टर हसल्या. "मग कठीण. 'नीरव' भलत्याच क्षणी लहर सोडणार. सुरुवातीला आम्ही लहान झटके देऊन बघतो, पण लहान झटक्याला कुठलीही नस गप्पच असते, तेव्हा काही कळायचं नाही. खरी कडी लागली की मांडी उडेल. खिसा फाटेल, आणि गाठीचे कण पोटात सांडतील. पिशवीत आहे तोवर तो आजार आटोक्यात असतो, ताई. पोटात सांडलेलं मग वेचता येत नाही."

रावसाहेब उठलेच. "चला, वेळ घेऊ नका त्यांचा," ते बायकोला म्हणाले.

बाहेर बाकावर बसल्यावर रत्नमाला पुष्कळ वेळ पदराचा काठ चुरगाळत राहिली. समोरून चाकाच्या खुर्च्या जात-येत होत्या.

"सांगू या," ती म्हणाली.

"काय बी सांगायचं न्हाई." रावसाहेबांचा आवाज रंगखात्यातल्यासारखा झाला. "उद्याची तारीख गेली तर यंत्र फुडच्या गावाला जातंय. पुन्हा कवा येणार? तवर ही गाठ काय गप बसणार हाय? आणि एवढ्या शिकल्यासवरल्या बाईफुडं मी काय सांगू, माझा पट्टा बायकोनं बांधला?"

"मी सांगतो."

"तू तर अजिबात न्हाई."

त्यांच्यापुढं गप्प होण्याची तिला सवय होती. मग रावसाहेबच खालच्या आवाजात बोलले, आणि असा त्यांचा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.

"तवा टेबलावर मी जागा हुतो. कमरंखाली काय बी समजत नव्हतं. आणि पाय उडाला. मी बघितलो, माझाच पाय. मी कुठं हलवलो त्याला? माझाच पाय, माझं ऐकला न्हाई." ते थांबले. "त्यो पट्टा टिचकी मारतोय न्हवं, मांडी जराशी उडती. पहिल्यांदा उडाली आणि मला वाटलं, मी परत त्या टेबलावर हाय. काचत बिचत नव्हता पट्टा."

रत्नमालेनं त्यांच्याकडं बघितलं. एवढा मोठा माणूस, ज्याच्या एका नजरेनं रंगखात्यातली पोरं चळचळा कापायची, तो घरात आठ दिवस एका पट्ट्याला भिऊन बसला होता आणि तिला वाटत होतं की तो आळस करतोय. तिला त्यांची दया आली, आणि न सांगितल्याबद्दल रागही आला, दोन्ही एकदम.

"आता तू केलंयस न्हवं माझ्यासाठी," ते म्हणाले. "आजवर तूच करत आलीस. ह्ये बी होऊन जाईल."

"अवो, उपासाचं येगळं," ती म्हणाली. "त्यो देवाला चालतोय. तिथं उद्या तुमचाच पाय लागतोय." आणि ती उठली.

डॉक्टर दुसऱ्या रुग्णाची चित्रं बघत होत्या.

"डॉक्टर, पट्टा मी बांधलो हुतो."

"चांगलं केलंत," डॉक्टर वर न बघता म्हणाल्या. "घरच्यांनी बांधून दिला की नीट बसतो."

"तसं न्हवं. मीच बांधलो. चाललो मी, बसलो मी, शिवलो बी मीच."

आता डॉक्टरांनी वर बघितलं. "कोण, मास्तर? ते असं म्हणाले? 'मी चाललो' म्हणून?"

रत्नमाला थबकली. गुंता कुठं बसलाय ते तिच्या ध्यानात आलं. सातवीपर्यंतचं मराठीचं पुस्तक तिला आठवलं, त्यातली कमल नि विमल कशी बोलायची ते आठवलं. तिनं पदर सारखा केला आणि एकेक शब्द वेगळा ठेवत म्हणाली,

"मी चालले. मी बसले. मी शिवत होते. पट्टा माझ्या पायाला होता."

जन्मात पहिल्यांदा ती असं बोलत होती. शब्द अंगावर घातलेल्या उसन्या साडीसारखे वाटत होते, पण ते जिथं पोचायचे तिथं पोचले. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

त्यांनी टेबलावरच्या यंत्राला बोलावलं. तोच बाईचा आवाज आला. डॉक्टरांनी रत्नमालेला काही तरी बोलायला सांगितलं.

"काय बोलू?" रत्नमाला म्हणाली. "मीच हाय बाई. रोज तुझ्यासंगं बोलतो ती."

"आवाज जुळतो," यंत्र म्हणालं. "रुग्ण रावसाहेब मुसळे, पुरुष."

"पुरुष कशावरून?" डॉक्टरांनी विचारलं.

"'उठलो, गेलो, बसलो, दमलो.' आठ दिवसांत एकदाही स्त्रीलिंगी क्रियापद आलेलं नाही."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "ताई, तुम्ही कधीच 'गेले' म्हणत नाही?"

"आमच्यात 'गेले' म्हंजे वारले," रत्नमाला म्हणाली.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्या खिडकीपाशी गेल्या. "मी आठ वर्षं झाली कोल्हापुरात राहते," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारख्या बायका रोज माझ्यासमोर बोलतात. हे यंत्र इथं आणताना माझ्या डोक्यात यायला हवं होतं." मग त्या वळल्या. "उद्याची वेळ रद्द करावी लागेल. 'नीरव' इथून सोलापूरला जाईल, परत यायला महिना लागेल. तेवढ्यात गाठ वाढू शकते. हे कळूनही तुम्ही सांगायला आलात?"

"वाढली तर तुमास्नी दिसंल. सांडली तर कुणाला दिसंल?"

परतीच्या बसमध्ये रावसाहेब खिडकीतून बाहेर बघत राहिले. हातकणंगले सोडल्यावर म्हणाले, "त्या बाईला माझी भीती बी सांगितलीस?"

"न्हाई. ती तुमची हाय."

घरी गेल्यावर रावसाहेबांनी स्वतःच्या हातानं पट्टा बांधला. पहिली टिचकी बसली तेव्हा त्यांनी दाराची चौकट धरली. रत्नमाला जवळ जाऊन उभी राहिली, पण तिनं त्यांचा पाय धरला नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, पायाला दुसऱ्या कुणाचा हात नको.

संध्याकाळी फोन आला. यंत्रानं आधी आवाजाची खातरजमा करून घेतली आणि मग विचारलं, "आज काय काय केलंत?"

"काही न्हाई."

"काही नाही, ही हालचाल मला ओळखता येत नाही."

रत्नमालेला हसू आवरेना. रावसाहेब तिच्यावर डोळे वटारून बघत राहिले, पण दुसऱ्या दिवसापासून हालचाल करणं भाग पडलं. ते दळण आणायला गेले, तेव्हा गिरणीवाल्यानं घरी सगळं बरं आहे ना, असं विचारलं. पाणी भरलं. दुपारी रत्नमालेनं त्यांना मशीनच्या स्टुलावर बसवलं, स्वतः शेजारी पाट घेतला आणि कापड आपल्या हातात ठेवलं.

"तुमी नुस्तं पायटा मारा. शिवतो मी."

त्यांचा पाय तिच्यासारखा तालात नव्हता. मध्येच जोरात जायचा, मध्येच अडायचा, टिचकी बसली की थांबून जायचा. दोरा तुटला. तिनं ओवून दिला. शेजारणीच्या ब्लाउजची एक बाही वाकडी झाली, ती तिनं उसवायला बाजूला ठेवली. चौथ्या दिवशी टिचकी बसली आणि पायटा थांबला नाही. दोघांनीही ते ओळखलं.

त्या संध्याकाळी रावसाहेब फोनला आपणहून म्हणाले, "पयले तीन दिवस पायाला भीती वाटत हुती."

"पायाला की तुम्हाला?" यंत्रानं विचारलं. "नोंदीसाठी हवं आहे."

रावसाहेबांनी रत्नमालेकडं बघितलं. ती बाही उसवण्यात गढल्यासारखं दाखवत होती.

"दोघांस्नी," ते म्हणाले.

महिन्यानं 'नीरव' परत आलं. डॉक्टरांनी आधी दुर्बिणीतून बघितलं. गाठ थोडी वाढली होती, पण खिशाच्या आतच होती. रत्नमाला बाहेर बाकावर बसली, त्याच बाकावर. आत काय चाललंय ते तिला आता माहीत होतं, आणि माहीत असण्याचा काही उपयोग नव्हता. तिचा उजवा पाय आपोआप हलू लागला, जणू खाली पायटा आहे. तिनं मांडीवर हात दाबून तो थांबवला. उगीच आपल्या पायाचं तिकडं काही लागायला नको, असं तिच्या मनात आलं, आणि स्वतःच्या खुळेपणाचं तिला हसू आलं, आणि रडूही.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला होता.

"अख्खी निघाली. आत काही उरलं नाही. खिसा शाबूत आहे." मग त्या तिच्या शेजारी बसल्या. "मास्तरांचा पाय काही शिस्तीचा नाही बरं का. मोठा लहरी आहे. यंत्रानं तुमच्या पायावरून शिकलेलं आज वापरलं असतं, तर पहिल्याच कडीला घात झाला असता."

रत्नमालेनं मांडीवर दाबलेला हात आता उचलला.

"हा आजार चिवट असतो," डॉक्टर म्हणाल्या. "पुन्हा उगवू शकतो. दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून बघावं लागेल, काही वर्षं तरी. आज मात्र घरी चांगली बातमी कळवा."

रावसाहेबांना खाटेवर आणलं, तेव्हा ते जागेच होते. पाय अजून बधिर होते. त्यांनी चादरीखालच्या उजव्या पायाकडं बोट दाखवलं.

"माझं ऐकला," ते म्हणाले.

ती दोघं घरी आली आणि दोन दिवसांनी शनिवार आला. रत्नमालेनं संध्याकाळी रावसाहेबांना भाकरी आणि मटकीची उसळ वाढली आणि आपल्यापुढं शेंगदाण्यांची वाटी घेतली. तेवढ्यात फोन वाजला. शस्त्रक्रियेनंतरही काही दिवस तो यायचा होता.

"आज काय काय केलंत, रावसाहेब?"

"पडून हुतो. पाणी प्यालो. दारापातूर चाललो दोनदा."

"छान. रत्नमालाताई जवळ आहेत का? डॉक्टरांनी त्यांचीही विचारपूस करायला सांगितलं आहे." आवाज तोच होता. "ताई, जेवलात का?"

"न्हाई जेवलो अजून," रत्नमाला म्हणाली. "शनिवार हाय."

"तुमचा उपास आहे का?"

रत्नमाला हो म्हणायला तोंड उघडणार, तोच रावसाहेबांनी तिच्यापुढची वाटी उचलून आपल्यापुढं ठेवली आणि आपलं ताट तिच्याकडं सरकवलं.

"तिचा न्हाई," ते फोनला म्हणाले. "माझा हाय."

त्यांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला आणि तो चावत खाली बघत राहिले. रत्नमाला ताटाकडं बघत होती. उसळीतून वाफ येत होती. शनिवारी पुढ्यात भाकरी, हे तिच्या हाताला ठाऊक नव्हतं, त्यामुळं हात लगेच पुढं होईना.

"ताई?" फोनमधल्या बाईनं विचारलं.

"हाय की," रत्नमाला म्हणाली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "जेवतो."

"जेवा, ताई," फोनमधली बाई म्हणाली.